अळणी गव्हाण

घाटमाथ्यावरच्या पाषाणवती नगरीत ऋषभसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका अश्वपालाच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. बापाकडून त्याला घोड्यांची विद्या मिळाली. नुसत्या टापांच्या आवाजावरून तो घोडा ओळखी, आणि लीद पाहून आदल्या दिवशी त्याने काय खाल्ले ते सांगे. राजाने त्याला आपल्या अश्वशाळेचा अध्यक्ष केले. तेथे दोनशे घोडे होते. त्यांत राजाचा स्वतःचा घोडा शोण, तांबड्या रंगाचा, छातीने रुंद, सगळ्यांत पुढे चालणारा.

त्या पठारावर सगळे पिकत असे, फक्त मीठ नव्हते. मीठ यायचे घाटाखालून. तिथे खाडीच्या काठी लोणारी लोकांची वस्ती होती. ते भरतीचे पाणी वाफ्यांत अडवीत, उन्हात आटवीत आणि साठलेले मीठ बैलांच्या पाठीवर घालून वर पाठवीत. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते. पण ती मिठागरे आपल्या ताब्यात असावीत असे ऋषभसेनाच्या मनाने घेतले, आणि मार्गशीर्षात त्याचे घोडदळ घाट उतरून गेले.

लोणाऱ्यांच्या हातात मीठ ओढायच्या लाकडी फळ्या होत्या, दुसरे काही नव्हते. पण जमीन त्यांची होती. घोडे खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, शिरले आणि पोटापर्यंत रुतले. राजाचा धाकटा भाऊ जयसेन चिखलात गेला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. सैन्य परत फिरले.

परत आल्यावर राजाने भरसभेत शपथ घेतली. "त्या मिठागरांवर माझा ध्वज लागेपर्यंत तिथल्या मिठाचा एक कणही या नगरीत येणार नाही. माझ्या ताटातही नाही."

त्याने कोठारातले मीठ नदीत ओतायला लावले. स्वतःला त्याने कसलीच सूट दिली नाही. त्या दिवसापासून तो अळणी जेवू लागला, म्हणून लोकही तक्रार न करता चिंच आणि आमसुले घालून दिवस काढू लागले. कुणाच्या घरी माठामागे मिठाचा खडा दडवलेला असेलही, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

अश्वशाळेतले मीठही गेले.

हिवाळा कसाबसा निभावला. चैत्र लागला आणि राजाने पुन्हा स्वारीची तयारी सुरू केली. सकाळ-संध्याकाळ घोडे मैदानावर धावू लागले. धूळ खाली बसण्याआधी दुसरी तुकडी सुटे. शहरात दिवसभर लोहारांचे घण वाजत. घोडे घामाने निथळून परत येत, आणि घाम वाळला की त्यांच्या पाठींवर पांढऱ्या रेघा उमटत. सोमिल खरारा हातात घेऊन त्या रेघा पाहत उभा राही. रोज एवढे मीठ अंगातून बाहेर पडत होते, आणि आत काहीच जात नव्हते.

मग घोडे बदलू लागले. ते एका जागी उभे राहीनात. एक पाय, मग दुसरा पाय, मग मान वर, मग मान खाली. ते भिंती चाटू लागले. चाटून चाटून भिंतींचा गिलावा गेला आणि आतली माती उघडी पडली, तर ते मातीच खाऊ लागले. लाकडी गव्हाणींच्या कडा कुरतडून टोकदार झाल्या. शेजारी शेजारी बांधलेले घोडे एकमेकांच्या माना चाटीत, आणि चाटता चाटता मध्येच चावत. सेवक घामेजल्या अंगाने आत शिरला की दोन-चार जिभा त्याच्या पाठीवर येत. काही जण घाबरून काम सोडून गेले. घोड्यांना बाधा झाली आहे असे ते घरी सांगत.

एक ज्योतिषी येऊन दारांची दिशा तपासून गेला. सेनापतीने घोड्यांच्या तोंडांना जाळ्या बांधायला सांगितल्या. सोमिलने एकाही घोड्याला जाळी बांधली नाही.

त्याला खरी काळजी वेगळीच होती. घोडे पाणी कमी पिऊ लागले होते. घोड्याच्या अंगात मीठ नसले की त्याची तहानही मरते. तहान मेली की रक्त आटते, आणि असा घोडा उन्हात धावला तर त्याचे स्नायू लाकडासारखे ताठतात. सोमिल बादली तोंडाशी धरी. घोडा ओठ बुडवी आणि मान फिरवी.

वैशाखातल्या एका सकाळी कपिशा नावाची घोडी मैदानात धावता धावता थांबली. तिचे मागचे पाय ताठले. स्वाराने टाच मारली, तशी ती दोन पावले पुढे गेली आणि कुशीवर पडली. सोमिल धावत गेला. तिचे डोके मांडीवर घेऊन तो उन्हात बसला, आणि ती त्याचा तळहात चाटीत राहिली. दुपारपर्यंत तिचा जीव गेला.

सोमिल तसाच, धुळीच्या कपड्यांनी, राजाकडे गेला.

राजा सज्जात येरझाऱ्या घालीत होता. अलीकडे त्याला बसवत नसे. जेवणाचे ताट चौरंगावर तसेच पडले होते.

"महाराज, कपिशा गेली," सोमिल म्हणाला.

राजा थांबला. "कसला रोग?"

"रोग नाही. मीठ नाही."

"मीठ माझ्याही ताटात नाही. मी उभा आहे ना?"

"आपण उन्हात दोन-दोन योजनं धावत नाही, महाराज. घोड्याचं मीठ घामावाटे जातं. ते रोज भरून द्यावं लागतं. या दिवसांत एकेका घोड्याला मूठभर तरी हवं. गवतातून ते मिळत नाही, हरभऱ्यातून मिळत नाही."

"सोमिल, माझी शपथ आहे."

"होय महाराज. आपली आहे. घोड्यांना कुणी विचारलं नव्हतं."

राजाचा चेहरा लाल झाला. "जयसेनाला तरी कुणी विचारलं होतं?" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दहा दिवसांनी आपण घाट उतरणार. तिथं पोचलो की खाऊ देत त्यांना हवं तेवढं मीठ."

"दहा दिवसांनी घाट उतरायला घोडे उरणार नाहीत. शोण सुद्धा."

शोणचे नाव ऐकून राजाची पापणी हलली. पण तो पाठ फिरवून म्हणाला, "तू आत्ता कुठल्या वाटेनं विचार करतोयस ते मला कळतंय. म्हणून आधीच सांगतो. ज्याच्या हातात त्या मिठाचा खडा दिसेल, त्याचा तो हात राहणार नाही. मग तो कुणाचाही असो."

सोमिल परत आला. कपिशाची जागा रिकामी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे घोडे तिने चाटलेली भिंत चाटीत होते. तो इकडून तिकडे फिरत राहिला. गप्प बसला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. राजाला त्याने सांगून पाहिले होते. पण गव्हाणीपाशी उभे राहिल्यावर ते सांगणे त्याला पुरेसे वाटेना. त्याने सेवकांना बोलावले. घोड्यांना सावलीत ठेवा, धावायला नेऊ नका, सेनापतींनी विचारले तर माझे नाव सांगा, असे त्यांना बजावून तो दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटा घाट उतरू लागला.

वाटभर तो दिवस मोजत होता. उतरायला दोन दिवस. भरल्या बैलांनी चढायला तीन. मध्ये एखादा दिवस गेला तर सहा. सहा दिवसांत किती घोडे पडतील, याचा विचार मनात आला की त्याची पावले आपोआप वेग घेत आणि पुढच्या वळणावर दगडांवरून घसरत.

खाडीकाठी पोचला तेव्हा ऊन कलले होते. जिकडेतिकडे चौकोनी वाफे, त्यांत आटत आलेले पाणी, आणि कडेला माडाच्या झावळ्यांनी झाकलेल्या मिठाच्या राशी. पायांना भेगा पडलेली एक बाई लाकडी फळीने मीठ ओढीत होती. तिचे नाव शंखा. नवरा गेल्यापासून त्या वस्तीच्या मिठागरांचे सगळे तीच पाहत असे. वय पन्नाशीचे, अंग वाळलेले, हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे.

"कुठून आलास?" तिने काम न थांबवता विचारले.

"वरून. पाषाणवतीहून."

फळी थांबली.

"राजाच्या घोड्यांची देखभाल करतो मी," सोमिल म्हणाला. "घोडे मिठावाचून मरायला लागलेत. मी मीठ मागायला आलोय."

"राजानं पाठवलं?"

"नाही. राजाला कळलं तर माझा हात जाईल."

शंखाने फळी बांधाला टेकवली. "कुठले घोडे? मार्गशीर्षात इथं आले होते ते?"

नाही म्हणणे सोपे होते. सोमिल म्हणाला, "होय. तेच."

"त्या धक्क्यापाशी," तिने हात करून दाखवले, "माझा भरुक उभा होता. एकुलता एक. सगळ्यांत पुढचा घोडा त्याच्या अंगावरून गेला. तांबडा होता. छाती एवढी रुंद. ओळखतोस?"

"ओळखतो. त्याचं नाव शोण. राजाचा घोडा आहे तो. माणूस आडवा आला तरी थांबायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं."

शंखाने फळी उचलली. आता ही आपल्याला मारणार असे सोमिलला वाटले, आणि तो हलला नाही. पण ती वळली आणि पुन्हा मीठ ओढू लागली. त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो भल्या सकाळी वाफ्यात उतरला आणि कुणी न सांगता मीठ ओढू लागला. त्याला ते जमेना. फळी खोल गेली आणि खालचा काळा चिखल मिठात मिसळला.

"वरचं वरचं ओढ," शंखा पलीकडून खेकसली. "तळ खरवडू नकोस. सगळं नासवशील."

दुपारपर्यंत त्याच्या पायांना खारे पाणी झोंबून कातडी सोलवटली. त्याचे लक्ष सारखे घाटाकडे जात होते. शेवटी शंखा त्याच्या वाफ्याच्या बांधावर येऊन उभी राहिली.

"मीठ खाऊन ते बरे झाले, की आमच्याच अंगावर येणार."

"येतील कदाचित," सोमिल म्हणाला. "राजाला अडवणं माझ्या हातात नाही. त्यांच्या पाठीवर मी खोगीर घालणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. त्यापेक्षा जास्त कबूल केलं तर ते खोटं होईल."

शंखाने त्याच्या हातातली फळी काढून घेतली.

"देते मीठ," ती म्हणाली. "पण तुझ्या हाती नाही. मी बरोबर येते. तो तांबडा घोडा मला बघायचाय."

आठ बैलांच्या पाठींवर गोण्या चढल्या. शंखा आणि सोमिल, दोघेच त्यांना हाकीत घाट चढू लागले. ती फारसे बोलत नसे. गोण्यांखेरीज तिच्याजवळ एक लहानसे गाठोडे होते, ते ती कमरेला बांधून असे आणि बसली तरी सोडीत नसे. दुसऱ्या दिवशी एका चढावर गाठोड्याची गाठ सैल झाली आणि त्यातून एक वाळलेले पान खाली पडले. लांब, अरुंद, कडक. तिने ते झटकन उचलले. पण सोमिलने पाहिले होते. घोडे सांभाळणाऱ्या माणसाला ते पान ओळखावे लागते. ते कण्हेरीचे होते. मूठभर पाला पोटात गेला तर मोठ्यातला मोठा घोडा दुसरा दिवस बघत नाही.

तिथून पुढे सोमिल एकच हिशेब करीत राहिला. बोलावे, तर ही बैल घेऊन माघारी वळेल आणि दोनशे घोडे मरतील. न बोलावे, तर शोण मरेल, आणि हे कृत्य घेऊन हिला उरलेले आयुष्य काढावे लागेल. तो बैलांच्या मागून पुढे जाई, पुढून मागे येई. एकदा तो तिच्याजवळ गेला, तोंड उघडले, आणि उन्हाबद्दल काहीतरी बोलून परत आला. ती पाय ओढीत चालत होती. तिच्या पायांच्या भेगांतून रक्त येत होते आणि ती त्याकडे पाहतही नव्हती.

घाटमाथ्यावर चौकी होती. म्हाताऱ्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. सोमिलला ओळखून त्याने तो खाली घेतला.

"अध्यक्ष, गोण्यांत काय?"

"मीठ."

पहारेकऱ्याने आजूबाजूला पाहिले. "असं उघड कशाला सांगता? आता मला राजवाड्यात कळवायला जावं लागेल."

"जा ना. तुमचं कामच आहे ते," सोमिल म्हणाला. "फक्त चालत जा. धावू नका."

पहारेकऱ्याने गोणीवर हात ठेवला, मग तो हात पुसून टाकला, आणि भाला खांद्यावर टाकून सावकाश चालू लागला.

बैल अश्वशाळेच्या अंगणात शिरले आणि आत एकच गोंधळ उडाला. वास आधी पोचला होता. दावी ताणली गेली, टापा फरशीवर आपटू लागल्या. सोमिल गेल्यापासून आणखी तीन घोडे पडले होते. सेवक भीतीने थिजून उभे होते. मिठाला हात लावायला कुणी धजेना. सोमिलने स्वतः गोणी फोडली.

"मीठ मी घालतो, हात माझाच लागू दे," तो म्हणाला. "तुम्ही पाणी आणा. प्रत्येकापुढे भरलेली बादली हवी. आज मुठीच्या वर कुणाला देणार नाही, हावरटपणा करतील."

तो गव्हाणीमागून गव्हाणी पुढे सरकला. भिजवलेल्या हरभऱ्यांत मीठ कालवी आणि पुढे जाई. मागे घोडे खात, आणि मग, कितीतरी दिवसांनी, बादलीत नाक खुपसून घटाघटा पाणी पीत. त्या पिण्याचा आवाज सगळ्या अश्वशाळेत भरला. एक म्हातारा सेवक तो आवाज ऐकून रडू लागला.

"कुठाय तो?" शंखाने विचारले.

सोमिलने तिला शेवटच्या ठाणापाशी नेले. शोणला अजून मीठ मिळाले नव्हते.

शंखाच्या मनात सहा महिने जो घोडा धावत होता, तो डोंगराएवढा होता. इथे एक बरगड्या वर आलेला प्राणी भिंतीला तोंड लावून उभा होता. चाटून चाटून त्याची जीभ सोलली होती आणि भिंतीवर तांबूस डाग पडले होते. त्याने मान वळवून पाहिले आणि पुन्हा भिंत चाटू लागला.

शंखाने कमरेचे गाठोडे सोडले. त्यात पाल्याची भुकटी होती, मिठात कालवलेली. तिने ती ओंजळीत घेतली.

सोमिल मध्ये येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"बाई, आधी माझ्या हातावर घाला."

"बाजूला हो."

"या घोड्यांपुढे जाणारं सगळं मी आधी चाखतो. माझे वडीलही चाखायचे."

"तुला ठाऊक आहे हे काय आहे?"

"घाटातच कळलं होतं."

"मग तू कशाला मरतोस?"

"माणूस आडवा आला तरी थांबायचं नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी शिकवलं. भरुकसाठी कुणाला तरी मरायचं असेल, तर ज्यानं शिकवलं त्याच्यापासून सुरुवात करा. त्यानंतरही मन निवलं नाही, तर घोडा इथंच बांधलेला आहे."

शोणने भिंत सोडली होती. त्याला वास आला होता. त्याने सोमिलच्या खांद्यावरून मान लांब केली. शंखाने ओंजळ घट्ट मिटून छातीशी धरली, आणि तिचे कोपर पुढे आले. तीस वर्षे मिठात राबलेला तो हात. शोण तिचे कोपर चाटू लागला. त्याची खरखरीत, गरम जीभ भेगांतून फिरत राहिली. मग दंडावर, मग पुन्हा कोपरावर. तो डोळे अर्धे मिटून चाटत होता.

शंखाने हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने ती खाली बसली. ओंजळीतली भुकटी तिने परत फडक्यात बांधली आणि हात बादलीत धुतले. ते पाणी सोमिलने बाहेर नेऊन खड्ड्यात ओतले. मग त्याने हरभऱ्यांत मीठ कालवून शोणपुढे धरले.

तेवढ्यात राजा आला. त्याच्यामागे भालेकरी होते.

राजाने अंगणातल्या गोण्या पाहिल्या. सोमिलचे मिठाने माखलेले हात पाहिले. शोण मान खाली घालून खात होता.

"मी सांगितलं होतं," राजा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"होय महाराज." सोमिलने उजवा हात पुढे केला. "घोड्यांना मूठभराच्या वर दोन दिवस देऊ नका, एवढं मात्र कुणाला तरी सांगून ठेवा."

कुणी पुढे झाले नाही. राजाची नजर खाली बसलेल्या बाईवर गेली.

"ही कोण?"

"मीठ मी आणलं," शंखा उठत म्हणाली. "खालच्या वस्तीतली आहे. माझा मुलगा तुमच्या या घोड्याखाली गेला."

"माझा भाऊ तुमच्या चिखलात गेला."

"ठाऊक आहे."

राजाने तिच्या मुठीतल्या फडक्याकडे बोट दाखवले. "त्यात काय?"

शंखाने फडके उघडले.

"कण्हेर आहे. या घोड्याला मारायला आणली होती. वाटभर सांभाळून आणली. इथं आल्यावर हात उचलला गेला नाही."

भालेकरी पुढे सरसावले. राजाने हात वर करून त्यांना थांबवले. तो शोणजवळ गेला. या घोड्याच्या जन्माच्या वेळी तो स्वतः पेंढ्यावर बसून होता. आता त्याने शोणच्या कुशीवर हात ठेवला आणि बरगड्या एकेक करून त्याच्या बोटांना लागल्या. त्याने भिंतीवरचे तांबूस डाग पाहिले.

"तू विष आणलंस आणि दिलं नाहीस," तो म्हणाला. "मी यातलं काहीच केलं नाही. मी फक्त मीठ बंद केलं. आणि तू करायला आली होतीस ते मी जवळजवळ करून बसलो होतो."

तो गव्हाणीच्या कडेवर बसला. कुरतडलेल्या लाकडाची टोके त्याला टोचली असतील, पण तो उठला नाही.

"जयसेन…" त्याने विचारायला सुरुवात केली आणि थांबला.

"तिसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला," शंखा म्हणाली. "गोड्या पाण्यानं आंघोळ घातली त्याला. आमच्याकडे लाकूड थोडं. भरुकसाठी रचलं होतं, त्यावरच दोघांना ठेवलं. वेगळं करायला लाकूडच नव्हतं."

राजाने तोंड हातांत लपवले. अश्वशाळेत मीठ मिळालेले घोडे खात होते, पीत होते, आणि कितीतरी दिवसांनी एका जागी उभे होते.

थोड्या वेळाने राजा उठला. सोमिलचा हात अजून पुढेच होता. राजाने तो धरून खाली केला. मग स्वतः गोणीत हात घालून मूठ भरली आणि विचारले, "कुणाचं राहिलंय?"

सोमिलने त्याला उरलेली ठाणी दाखवली.

दुसऱ्या दिवशी सभेत मंत्री म्हणाले, की राजाचा शब्द दोनदा मोडला, शपथही गेली आणि हात तोडण्याचा हुकूमही, लोक काय म्हणतील? राजा म्हणाला, "शपथ घेतली मी, आणि जीव जात होते दुसऱ्यांचे. अशी शपथ पाळण्यात कसला मोठेपणा?" त्याने स्वारी रद्द केली. शंखा परत निघाली तेव्हा तो तिच्या बैलांमागून घाट उतरला. पायी, घोडा न घेता, चार माणसे बरोबर घेऊन. जिथे ते एकच सरण रचले होते, त्या जागी तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. वस्तीतल्या लोकांनी त्याला जेवायला वाढले. पहिला घास खाऊन तो थबकला, आणि मग पान निपटून जेवला.

इतके सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध झालेले तेच बोधिसत्त्व, थांबले.

ही कथा त्यांनी पूर्णिक नावाच्या भिक्षूमुळे सांगितली होती. पूर्णिकाने अळणी खाण्याचे व्रत घेतले होते. त्यात काही गैर नव्हते. पण वप्पिल नावाचा एक आजारी भिक्षू त्याच्या देखभालीत होता. ज्वराच्या घामाने निथळणाऱ्या त्या माणसालाही पूर्णिक सात दिवस अळणी पेज पाजीत होता. वप्पिल अंथरुणात तळमळत होता, आणि त्याला बोलण्याचीही शक्ती उरली नव्हती.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा ऋषभसेन म्हणजे हा पूर्णिक. शोण म्हणजे वप्पिल. वप्पिलची अवस्था पाहून जी माझ्याकडे सांगायला आली, ती भिक्षुणी रोहिता त्या वेळी शंखा होती. सावकाश चालत गेलेला पहारेकरी म्हणजे आपल्या विहाराच्या दारावर बसणारा वृद्ध उपासक. आणि अश्वपाल सोमिल मीच होतो."

पूर्णिक उठला. शास्त्यांना वंदन करून तो स्वयंपाकघराकडे गेला. तिथून चिमूटभर मीठ घेऊन तो वप्पिलच्या पेजेत विरघळवताना भिक्षूंनी पाहिले.

स्वतःची कठोर व्रते स्वतःपुरती ठेवावीत, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची गरज न सांगता ओळखावी. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेली करुणा ती हीच.